खान्देशी सूर (भाग ६) : केसांवर फुगे विकणारा बबल्या

गेल्या आठवड्यात आपण कानबाईच्या गाण्यांपाशी थांबलो होतो. ती गाणी कुणा एकाची नाहीत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जनाला निघते आणि गल्लीतल्या बाया मिळून गातात. आजचं गाणं एका माणसाच्या गळ्यातलं आहे : अण्णा सुरवाडे यांनी गायलेलं ‘बबल्या इकस केसावर फुगे’. सचिन कुमावत यांच्या यूट्यूब वाहिनीवरून ते आलं आणि २०१९ची लग्नसराई त्याने ताब्यात घेतली. धुळे, अमळनेर, पारोळा, जळगाव या पट्ट्यात त्या उन्हाळ्यात हळदीच्या रात्री हे गाणं वाजलं नाही असा मांडव सापडणं अवघड होतं. पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी, नवरदेव मारुतीच्या पारावर, आणि वरातीपुढच्या पोरांची पहिली फर्माईश बबल्याची.

हे गाणं कुठल्या सिनेमातलं नाही, अल्बममधलंही नाही. सुटं, एकटं गाणं. अशा सुट्या गाण्यांची चाल जगात जुनी आहे. अमेरिकेत १९४९मध्ये मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी आली, दर बाजूला एक गाणं, आणि नवख्या गायकाला एका गाण्यावर नशीब अजमावता येऊ लागलं. १९५४मध्ये एल्व्हिस प्रेस्लीची पहिली तबकडी आधी त्याच्या मेम्फिस शहरातल्या रेडिओवर पुन्हा पुन्हा वाजली, मग बाहेर गेली. आधी गावाने उचलून धरायचं आणि नंतर जगाने ऐकायचं, हा क्रम बबल्याच्या बाबतीतही तसाच राहिला.

मराठी पॉपचा रस्ता मात्र बराच काळ मुंबईहूनच सुटायचा. २००२मधलं ‘ऐका दाजिबा’ आठवा. अवधूत गुप्ते, वैशाली सामंत, सागरिका ही कंपनी, मिलिंद गुणाजी आणि इशिता अरुण यांचा व्हिडिओ, आणि तो दाखवणाऱ्या टीव्ही वाहिन्या. एवढं सगळं जुळून आलं तेव्हा ते गाणं घराघरात पोचलं. धुळ्याच्या एखाद्या पोराला ही साखळी परवडणारी नव्हती. ती तुटली सप्टेंबर २०१६मध्ये, जिओचं स्वस्त इंटरनेट आलं तेव्हा. दोन वर्षांत शेतावर, रिक्षात, पानटपरीवर सगळीकडे यूट्यूब चालू झालं, आणि आपल्या बोलीतलं काही आहे का, हे लोक शोधू लागले.

आता बबल्याकडे येऊ. मला या गाण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट त्याचा धंदा वाटते.

खान्देशातल्या कुठल्याही जुन्या घरात बाई विंचरायला बसली की फणीत अडकलेलं गुंतवळ फेकत नाही. बोटाभोवती गुंडाळून त्याची गोळी करते आणि कोनाड्यात, दाराच्या फटीत नाहीतर पत्र्याच्या वाशात खोचून ठेवते. महिना-दोन महिन्यांत मूठभर जमतं. मग सायकलवर बांबू बांधून त्याला फुगे लावलेला माणूस गल्लीत येतो, हाळी देतो, आणि पोरं घरातल्या सगळ्या फटी धुंडाळत सुटतात. आजीच्या पांढऱ्या केसांना भाव कमी, ताईच्या लांब केसांना जास्त. केस पिशवीत, फुगा पोराच्या हातात. मोठा पुडा असेल तर आई फुग्यावर भागू देत नाही, वाटी नाहीतर डबा मागून घेते. पैसा मध्ये येतच नाही.

ते केस पुढे कुठे जातात हे फुगा घेणाऱ्या पोराला माहीत नसतं. गल्लीगल्लीतला माल मोठ्या व्यापाऱ्याकडे जातो, तिथून तो विंचरून, सोडवून, लांबीप्रमाणे जुड्या बांधणाऱ्या ठिकाणी. कर्नाटकात कोप्पळजवळचं भाग्यनगर हे त्याचं नावाजलेलं केंद्र आहे. गंगावन आणि टोप करायला हा माल परदेशी जातो. हे काम देशातच टिकावं म्हणून सरकारने जानेवारी २०२२मध्ये कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. म्हणजे बबल्याची सायकल जगभरच्या मोठ्या बाजाराचं शेवटचं टोक आहे, आणि त्या बाजारात सर्वात कमी कमाई त्याचीच. आपल्या गाण्यांत पाटलाचा पोर येतो, फौजदार येतो, ड्रायव्हर येतो. केसांवर फुगे देणारा माणूस गाण्याचा नायक झाला आणि त्याच्या नावाने हजारो लोक नाचले, हे मला फार मोठं वाटतं. ज्याला पाहून आपण दार लोटून घेतो, त्याचं नाव त्या उन्हाळ्यात प्रत्येक मांडवात घेतलं गेलं.

गाण्याचा ठेका हा त्याच्या यशाचा दुसरा भाग. आपल्या बँडवर आणि बँजो पार्टीवर पावरीची धून वर्षानुवर्षं वाजत आली आहे. सातपुड्याच्या आदिवासींचं हे फुंकवाद्य, दुधी भोपळ्याचं पोट असलेलं. त्याचा तो गुंगवणारा, एकाच वळणावर घुमणारा आवाज आता कीबोर्डवर काढतात. खान्देशी माणसाचे पाय या वळणावर आपोआप पडतात, त्याला स्टेप शिकवावी लागत नाही. नवं गाणं लोकांनी इतक्या पटकन आपलं म्हटलं, कारण नाचणाऱ्या पायांना त्यात काहीच नवं नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट भाषेची, म्हणजे या गाण्याच्या अहिराणी बोलीची. २०११च्या जनगणनेत ‘खान्देशी’ या नोंदीखाली सुमारे १८ लाख ६० हजार माणसं आहेत. २००१मध्ये ती २० लाख ७५ हजार होती. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि भाषा सांगणारे दोन लाखांनी घटले. बोलणारे एवढे कमी झाले असतील असं मी मानत नाही. जनगणनेचा माणूस दारात आला की आपण ‘मराठी’ सांगतो. शाळेत अहिराणी बोललं की मास्तर हसायचे, पुण्यात कॉलेजला गेलं की रूमवर हसायचे, म्हणून कित्येकांनी ती आईशी फोनवर बोलण्यापुरती ठेवली. बबल्याने याच लोकांना गाठलं. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये, कल्याण-उल्हासनगरात, नाशिकच्या सातपूरमध्ये खान्देशी वस्त्या आहेत. भुसावळ-सुरत लाइनने पिढ्यान्‌पिढ्या माणसं कामाला गेली आणि बोली सोबत घेऊन गेली. तिथल्या गणपतीच्या मिरवणुकीत हे गाणं लागलं तेव्हा इमारतीतल्या इतर भाषांच्या पोरांसमोर खान्देशी पोरगा पहिल्यांदा मोठ्या आवाजात अहिराणी बोलला.

स्वागत सगळीकडे गोड नव्हतं. शहरी कानांनी हे गाणं विनोदी व्हिडिओच्या खान्यात टाकलं. बोली ऐकली की हसायचं ही सवय मालेगावच्या खान्देशी विनोदी सीडींच्या काळापासून लागलेली. आपल्याकडच्या जाणत्या मंडळींचा आक्षेप वेगळा होता : अहिराणी आता नाचण्यापुरती उरणार का? एका बाजूला बहिणाबाईंच्या नावाने जळगावचं विद्यापीठ ओळखलं जाऊ लागलं, ते २०१८ साल, आणि त्याच सुमारास दुसरीकडे हे असं गाणं, म्हणून अनेकांना वाईट वाटलं. यात एक गफलत आहे. बहिणाबाई लेवा गणबोलीत रचत, अहिराणीत नव्हे; यावल-रावेरच्या लेवा घरांतली बोली आणि अमळनेर-धुळ्याची अहिराणी कानाला वेगळ्या लागतात. शिवाय बहिणाबाईंची गाणी आपल्या घरी आली ती यशवंत देवांची चाल आणि उत्तरा केळकरांचा आवाज घेऊन. ती ध्वनिमुद्रणं मला प्राणप्रिय आहेत, पण तो आवाज शिकलेल्या गळ्याचा आहे. बबल्याच्या गाण्यात गळा इथला, बोली इथली, ठेका इथला आणि पहिला श्रोताही इथला. त्याची तुलना बहिणाबाईंशी करायचं काही कारण नाही.

आक्षेपाचा अर्धा भाग मला मात्र पटतो. बबल्यानंतर अहिराणी गाण्यांचा पूर आला. विनोद कुमावत यांचं ‘हाई झुमका वाली पोर’ गाजलं, जगदीश संधानशिव यांचं ‘देख तुनी बायको कशी नाची राह्यनी’ तर इन्स्टाग्रामवरून देशभर फिरलं, अहिराणीचं अक्षर न कळणारेही त्यावर नाचले. ही गाणी मी आनंदाने ऐकतो. पण विषय पोरगी, झुमका, बायको, मेव्हणी एवढ्यातच फिरू लागला. केळीची रावेर-यावलची रानं, कापसाची वेचणी, आखाजीला माहेरी येणारी लेक, सुरतेच्या लूमवर रात्रपाळी करणारा भाऊ, हे सगळं नाचाच्या ठेक्यावर बसू शकतं. बबल्या बसला तर तेही बसेल.

आता पैशाचं. कोट्यवधी वेळा वाजलेल्या गाण्याने गायक श्रीमंत झाला असेल, असं आपण धरून चालतो. हिशेब तसा नसतो. यूट्यूबच्या जाहिरातीचा पैसा वाहिनीच्या मालकाकडे येतो. २०१८पासून त्यासाठी निदान एक हजार सबस्क्राइबर आणि वर्षात चार हजार तास पाहिलं गेल्याची अट होती. गायकाला त्यातलं किती मिळायचं हे आपसातल्या बोलीवर ठरतं, आणि खान्देशात ही बोली बहुतेक वेळा तोंडी असते. मांडवात, वरातीत गाणं वाजतं त्याचा तर एक रुपयाही गायकाला येत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ मधलं कलम ५२(१)(झेडए) धार्मिक विधीत वाजणाऱ्या संगीताला परवान्यातून सूट देतं, आणि लग्नाची वरात व लग्नानिमित्तचे इतर समारंभ त्यातच मोडतात. जुलै २०२३मध्ये केंद्र सरकारने हे पुन्हा स्पष्ट केलं. गरिबाच्या लग्नात परवान्याची पावती मागायला कुणी येऊ नये, म्हणून मला ही सूट योग्यच वाटते. पण मग लग्नात जगणाऱ्या गाण्याच्या गायकाने जगायचं कशावर? उत्तर एकच : कार्यक्रमांच्या सुपाऱ्या. गाणं ताजं आहे तोवर त्या येतात, लग्नाच्या तिथी संपल्या की आटतात.

त्यातही डीजेवाले मूळ गाण्यावर स्वतःचा ठेका चढवून, स्वतःचं नाव मध्ये ओरडून नवी फाइल करतात, आणि पेन ड्राइव्हवर तीच फिरते. वरातीत नाचणाऱ्या दहा पोरांना विचारा, गाणं कुणी म्हटलंय? डीजेचं नाव सांगतील. म्हणून जळगाव आकाशवाणीने आणि विद्यापीठाने मिळून एक काम हातात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. गेल्या दहा वर्षांतल्या अहिराणी गाण्यांची नोंदवही : गायक कोण, शब्द कुणाचे, चाल कुणाची, पावरी-कीबोर्डवर कोण होतं, कुठल्या गावात कुठल्या खोलीत ध्वनिमुद्रण झालं. ही माणसं आज फोन केला तर उचलतात.

पुढच्या आठवड्यात पावरी : भोपळा निवडण्यापासून तोंडाचं मेण बसवण्यापर्यंत.