पाद्री व्हायला निघालेला प्रशिक्षक

अमेरिकेतल्या बड्या विद्यापीठांत फुटबॉल प्रशिक्षकाचा पगार आज अनेकदा कुलगुरूंहून मोठा असतो. प्रशिक्षकाला विद्यापीठात मानाची जागा मिळवून देणाऱ्या अमोस अलोन्झो स्टॅग यांना मात्र पैशाची ओढ कधीच नव्हती.

जोडे शिवणाऱ्या गरीब कारागिराचा हा मुलगा १८६२ साली न्यू जर्सीत जन्मला आणि पाद्री व्हायचं ठरवून येल विद्यापीठात गेला. बेसबॉलच्या व्यावसायिक संघांनी बोलावलं, ते गेले नाहीत. १८८९ मध्ये पहिल्यावहिल्या ऑल-अमेरिकन फुटबॉल संघात त्यांची निवड झाली. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन अंगावर येणाऱ्यांना चुकवत पुढे सरकायचं, असा हा दांडगा खेळ. प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचा सराव जुनी गादी गुंडाळून, टांगून तिच्यावर करायचा, ही युक्ती त्यांचीच मानली जाते.

प्रवचन देणं काही त्यांना साधलं नाही. ते स्प्रिंगफील्डला क्रीडाशिक्षणाकडे वळले. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ तिथे त्यांच्या फुटबॉल संघात खेळत. बास्केटबॉलच्या पहिल्या जाहीर सामन्यात शिक्षक विद्यार्थ्यांकडून ५-१ असे हरले. तो एकुलता एक गुण स्टॅग यांचा.

१८९२ मध्ये येलमधले त्यांचे शिक्षक विल्यम रेनी हार्पर यांनी त्यांना नव्या शिकागो विद्यापीठात नेलं आणि थेट प्राध्यापकवर्गात जागा दिली. तोवर संघाला शिकवायला बहुधा एखादा माजी खेळाडू हंगामापुरता येई. नोकरी शनिवारच्या सामन्याच्या निकालावर टांगलेली नसली, की प्रशिक्षकाला मुलं घडवायला उसंत मिळते. हार्पर यांच्या निर्णयाचं मोल मला इथे दिसतं. पण संघ जिंकू लागला, गर्दी लोटली. १९०५ मध्ये शिकागोने चार वर्षांहून अधिक काळ अपराजित असलेल्या मिशिगनला २-० असं हरवलं. फुटबॉलचा जो बाजार पुढे फोफावला, त्याला अशा विजयांनीही खतपाणी घातलं, हे नाकारता येत नाही.

सत्तरीच्या नियमाने शिकागोने त्यांना निवृत्त केलं. १९३९ मध्ये विद्यापीठाने मोठ्या स्पर्धांमधला फुटबॉलच बंद केला. १९४२ च्या डिसेंबरात भौतिकशास्त्रज्ञ फर्मी आणि सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित आण्विक साखळी अभिक्रिया घडवली, ती याच विद्यापीठात, स्टॅग यांच्या नावाच्या मैदानातल्या प्रेक्षकसज्जाखाली!

स्टॅग तोवर कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये मुलांना शिकवत होते. १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते देशातले वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. पुढे पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीने त्यांनी संघ सांभाळला. पत्नी स्टेला प्रतिस्पर्ध्यांचे डाव टिपून त्यांच्या आकृत्या काढून देत. या संसारातल्या त्याही प्रशिक्षकच म्हणायच्या.

१९६५ मध्ये, १०२ व्या वर्षी ते गेले. १९७३ पासून महाविद्यालयीन फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीचा अंतिम सामना ‘स्टॅग बोल’ या नावाने खेळला जाऊ लागला. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. मुलं शिकायला येतात आणि खेळतात. स्टॅग यांचं नाव द्यायला याहून योग्य सामना मला सुचत नाही.