बिलाबाहेरचा कारागीर

गेल्या हिवाळ्यात आम्ही स्वयंपाकघर नव्याने बसवून घेतले. पूर्व दिल्लीतील सहकारी गृहसंस्थेतले आमचे घर तीस वर्षांचे जुने. ओट्याखालच्या कपाटांना वाळवी लागलेली, सिंकखालची फळी भिजून फुगलेली; काम आणखी लांबवणे शक्य नव्हते. नऊ फूट बाय आठ फुटांच्या त्या खोलीसाठी ठेकेदाराने तीन पानांचे दरपत्रक दिले. अर्थसंकल्पाचे कागद वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, पण एवढ्या बारकाईने ते मी क्वचितच वाचले असतील.

कपाटे आणि त्यांची दारे १,८६,००० रुपये. बिजागऱ्या, सरकते खण, जाळीच्या टोपल्या ६२,०००. ओट्याचा क्वार्ट्झ दगड ३४,०००. फरश्या, नळ आणि विजेचे साहित्य ४१,०००. चिमणी व शेगडी ३८,०००. शेवटच्या ओळीत जुने तोडणे, राडारोडा उचलणे आणि सगळी मजुरी मिळून २७,०००. एकूण ३,८८,००० रुपये, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर.

कोणताही मध्यमवर्गीय माणूस करतो तेच मी केले, घासाघीस केली. बिजागऱ्यांचा भाव कंपनीने ठरवलेला, दगडाचा व्यापाऱ्याने, कराचा दर सरकारने. यांपैकी कशालाच हात लावता येत नाही, असे ठेकेदाराने सांगितले आणि शेवटच्या ओळीतील २७ हजारांचे २१ हजार केले. सहा हजार वाचल्याचा आनंद मला झाला, हे कबूल केले पाहिजे. ते कोणाच्या खिशातून वाचले, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

अंतिम बिलात कराची रक्कम ६८,७६० रुपये होती. म्हणजे स्वयंपाकघर प्रत्यक्ष उभे करणाऱ्या सर्वांच्या वाट्याला मिळून जे आले, त्याच्या तिपटीहून अधिक सरकारकडे गेले. करालाच माझा विरोध आहे, असा याचा अर्थ नव्हे. साखळीतील प्रत्येक व्यापारी आधी भरलेल्या कराची वजावट घेतो आणि अखेरचा भार ग्राहकावर येतो, ही या करपद्धतीची रचनाच आहे. प्लायवूड व फर्निचरवर २०१७च्या जुलैत २८ टक्के कर होता. तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १८ टक्क्यांवर आला. २०२५च्या सप्टेंबरमधील फेररचनेनंतर भांड्यांवर पाच टक्के लागतात. ती ठेवण्याच्या कपाटावर मात्र अठराच. यावर वाद घालता येईल, पण माझा मुद्दा वेगळा आहे.

वस्तूला ओळख, माणसाला नाही

बिलातील प्रत्येक वस्तू राज्यसंस्थेला नावानिशी ठाऊक आहे. प्लायवूडचा वर्गीकरण क्रमांक ४४१२. पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडसाठी 'आयएस ७१०' हे मानक आणि त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह. चिमणीला हमीपत्र, शेगडीला अनुक्रमांक. ती फळी कुठून आली, कोणी विकली आणि तिच्यावर किती कर भरला गेला, हे शोधता येते. ती कोणी बसवली, याची नोंद मात्र कुठेच नाही.

माझ्याकडे नऊ दिवस काम चालले. दोन सुतार, एक गवंडी, त्याचा मदतनीस आणि दोन दिवसांसाठी दगड कापणारा एक कारागीर. हा कारागीर बिहारच्या अररिया जिल्ह्यातला. सिंकसाठी दगडात चौकोन कापायला तो बाल्कनीत बसला, तोंडाला गमछा गुंडाळून. ग्राइंडर सुरू झाला आणि काही क्षणांत त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. धूळ घरात येऊ नये म्हणून मी बाल्कनीचे दार लावून घेतले. त्याच्यासाठी काही करावे, हे त्या क्षणी मला सुचले नाही.

दुपारी चहा घेताना मी विचारले, ''खोकला होतो का तुम्हाला?''

''थंडीत होतो, साहेब. या कामात सगळ्यांनाच होतो,'' तो म्हणाला.

खोकल्याचे कारण केवळ थंडी असेलच असे नाही. कृत्रिम क्वार्ट्झ दगडात सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ग्रॅनाइटमध्ये ते साधारण ३० टक्के असते. ही बारीक धूळ फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर उपचार नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली; असे करणारा तो पहिला देश. आपल्याकडे राजस्थानने २०१९मध्ये स्वतंत्र धोरण आखले. त्यानुसार निदान झाल्यावर रुग्णाला तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. अन्य राज्यांच्या तुलनेत हे पुढचे पाऊल आहे. तरीही निदानानंतरची ती रक्कम माझ्या स्वयंपाकघराच्या खर्चाहून कमी आहे.

त्याच गप्पांत कळले की त्याच्या घरी पंतप्रधान आवास योजनेतून घरकुल मिळाले आहे. ग्रामीण भागातील या योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी मैदानी प्रदेशात १ लाख २० हजार रुपये दिले जातात. २०१६मध्ये ठरलेली ही रक्कम २०२४मध्ये योजनेचा पुढचा टप्पा मंजूर होतानाही तेवढीच राहिली. माझ्या कपाटांनाच त्याहून ६६ हजार रुपये जास्त लागले होते. घरकुलातली चूल अजून उघड्यावरच आहे, असे त्याने सांगितले. तक्रारीचा सूर त्यात नव्हता.

कायद्याच्या दोन दारांबाहेर

बांधकाम मजुरांसाठी देशात कायदा नाही, असे नाही. १९९६च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर उपकर आणि त्यातून चालणारी कल्याण मंडळे निर्माण केली. दुरुस्ती आणि फेरबदलही त्या व्याख्येत आहेत. मात्र दहापेक्षा कमी कामगार असलेली आस्थापना त्यातून वगळली आहे, आणि स्वतःच्या राहत्या घरासाठी दहा लाखांपर्यंत खर्च करणारा मालकही. माझे काम अशा रीतीने दोन्ही दारांनी बाहेर पडले. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने घरमालकाची ही मर्यादा ५० लाखांवर नेली आहे. म्हणजे बाहेर राहणाऱ्या कामांची संख्या वाढणार.

मंडळाकडे नोंदणीसाठी वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या घरी दोन दिवस, उद्या त्या घरी तीन, असे काम करणाऱ्याला तो कोणी द्यायचा? २०२१च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर ३० कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद झाली, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या नोंदीने कामगाराचे नाव कळते. त्याने कुठे, किती दिवस आणि कशा स्थितीत काम केले, हे कळत नाही.

घराघरांत निरीक्षक पाठवायचे का, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्तही आहे. मलाही ते नको. पण निरीक्षकाची गरजच नाही. करासाठी ठेकेदार बिल करतोच. त्याच बिलात कामगारांचे ई-श्रम क्रमांक आणि कामाचे दिवस लिहिण्याची सक्ती करता येईल. तोच ९० दिवसांचा दाखला ठरेल. ठरावीक रकमेवरील घरकामांच्या बिलात एक टक्का उपकर जोडता येईल. क्वार्ट्झ विकतानाच त्याची कापणी कारखान्यात, पाण्याचा फवारा सोडून झाली पाहिजे, अशी अट घालता येईल. ओट्याचे माप तर आधीच घेतलेले असते. अर्थात, गोळा झालेला पैसा कामगारापर्यंत पोहोचला पाहिजे. बांधकाम उपकराचा निधी पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये तीव्र नाराजी व्यक्त केली होती, हे विसरता येत नाही.

आमचे स्वयंपाकघर छान झाले आहे. खण आवाज न करता मिटतात, ओट्यावर हळदीचा डाग राहत नाही. परवा कागद लावताना ते बिल पुन्हा हाती आले आणि मी हिशेब केला. ३,८२,००० रुपयांवर एक टक्का उपकर असता, तर मला ३,८२० रुपये जास्त द्यावे लागले असते. मजुरीच्या ओळीतून मी जे सहा हजार कापून घेतले होते, त्याहून ही रक्कम कमी आहे.