झोअँथिड : सांगाडा नसलेले प्रवाळ

झोअँथिड हे समुद्रफुलांचे जवळचे नातलग. मत्स्यालयाच्या छंदात त्यांना प्रवाळ म्हणण्याची रीत आहे, मात्र दगडी प्रवाळांसारखा चुन्याचा सांगाडा ते बांधत नाहीत. मांसल देठ, त्याच्या टोकाला सपाट गोल चकती, चकतीच्या मधोमध चिरेसारखे तोंड आणि कडेने शुंडकांच्या दोन ओळी, अशी एका पॉलिपची रचना असते. बहुतेक जातींत असे अनेक पॉलिप तळाशी एकाच मांसल पडद्याने जोडलेले असतात आणि त्यांची वसाहत खडकावर सतरंजीसारखी पसरते. छंदात मुख्यतः दोन प्रजाती आढळतात. झोअँथस लहान आणि रंगीत असतो. पॅलिथोआ जाड व मातकट असतो आणि आपल्या ऊतीत वाळूचे कण रुतवून घेऊन अंगाला बळकटी आणतो.

हे प्राणी पाहण्यासाठी स्वच्छ निळ्या समुद्रातच जावे लागते असे नाही. मुंबईत हाजी अलीच्या खडकाळ किनाऱ्यावर मोठ्या ओहोटीला त्यांच्या वसाहती उघड्या पडतात. तिथले पाणी गढूळ असते, उन्हाने खडक तापतात, पावसाळ्यात गोड्या पाण्याचा मारा होतो. अशा वेळी पॉलिप मिटून घेतात आणि भरतीचे पाणी आले की पुन्हा उमलतात. घरगुती मत्स्यालयात नवशिक्यांना झोअँथिड सुचवले जातात ते याच चिवटपणामुळे.

मुंबईच्या किनाऱ्यावरचा दख्खनचा बेसॉल्ट माळव्याच्या पठाराखालीही आहे, पण तिथे समुद्र नाही. उज्जैनच्या माधव नगरसारख्या वस्तीत झोअँथिड वाढवायचे तर समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला, 1951 मध्ये ते सुरू झाले तेव्हापासून, समुद्र दाराशी होता. माळव्यात मात्र खारेपणा मोजून आणावा लागतो. त्यासाठी तयार सागरी मिश्रण मिळते, स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असावेत, म्हणजे पाण्याची सापेक्ष घनता 1.025 ते 1.026 भरते.

मिश्रणासाठी लागणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त हवे. बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार जास्त असतात, तर नळाच्या पाण्यात क्लोरीन. घरच्या आरओ यंत्रात चव राखण्यासाठी बऱ्याचदा थोडे मूळ पाणी मिसळले जाते, म्हणून त्यानंतर आयन काढणारी राळ लागते. पाणी साठवायला प्लास्टिकचे पिंप वापरावे. तांब्या-पितळेचा हंडा, कळशी त्याच्या जवळही नेऊ नये, कारण माणसाला निरुपद्रवी असलेले तांब्याचे अल्प प्रमाणही अपृष्ठवंशी प्राण्यांना मारते. माशांच्या अनेक औषधांत तांबे असते, ती झोअँथिडच्या टाकीत वापरता येत नाहीत.

पाणी भरल्याबरोबर प्राणी सोडता येत नाहीत. विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू सच्छिद्र दगडांवर स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच पहिला तुकडा आत ठेवावा. नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र पूर्ण शून्यावर नेऊ नयेत. अतिशुद्ध पाण्यात झोअँथिड आक्रसतात; नायट्रेट लिटरला 2 ते 10 मिलिग्रॅम असले तर त्यांना मानवते.

तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस राखावे लागते. उज्जैनमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा फिरवला की बाष्पीभवनामुळे पाणी चांगले थंड होते, पण पातळीही झपाट्याने उतरते. पाणी उडाले तरी क्षार मागेच राहतात, म्हणून भर घालताना खारे पाणी न घालता क्षारमुक्त गोडे पाणी घालावे. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग कमी होतो. हिवाळ्यातल्या रात्री उलट हीटरची गरज पडते. वीज गेली तर पाण्यातला प्राणवायू झपाट्याने घटतो, त्यामुळे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असणे आवश्यक आहे.

झोअँथिडच्या ऊतींत झूक्झँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहतात. ते प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेली साखर यजमानाला देतात, यजमान त्यांना आसरा आणि पोषकद्रव्ये देतो. त्यामुळे दिव्याचा प्रकाश हे झोअँथिडचे मुख्य अन्नच ठरते. मध्यम तीव्रतेचा, निळ्याकडे झुकणारा एलईडी प्रकाश दिवसाला आठ ते दहा तास पुरतो. प्रकाश कमी पडला तर देठ उंच होऊन दिव्याकडे ताणले जातात, अति झाला तर पॉलिप मिटून राहतात. निळ्या उजेडात दिसणारी हिरवी-नारिंगी झळाळी पॉलिपमधल्या प्रतिदीप्त प्रथिनांची असते. पॅलिथोआ बारीक खाद्य पकडून खातो, झोअँथस त्यामानाने कमी. पाण्याचा प्रवाह मध्यम हवा, चकत्यांवर गाळ साचू न देणारा.

वाढ होते ती तळाच्या पडद्यातून नवे पॉलिप फुटून. म्हणून एका तुकड्यापासून दुसरा करणे सोपे असते. पॉलिपच्या मधून न कापता त्यांना जोडणारा पडदा धारदार पातीने कापायचा आणि तुकडा छोट्या दगडावर सायनोअ‍ॅक्रिलेट जेलने चिकटवायचा. नव्या तुकड्यासोबत झोअँथिड खाणाऱ्या, शंख नसलेल्या गोगलगायी आणि त्यांची अंडी येऊ शकतात. तो आधी वेगळ्या पाण्यात ठेवून तपासणे शहाणपणाचे.

तुकडे कापण्याच्या कामातच खरा धोका आहे. काही झोअँथिडांत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. 1971 मध्ये हवाईतल्या पॅलिथोआपासून ते प्रथम वेगळे करण्यात आले. त्याच्या रेणूत कार्बनचे 129 अणू आहेत. पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप हे विष सताड उघडा टाकते, त्यामुळे आयनांचा समतोल ढासळतो. त्यावर उतारा उपलब्ध नाही. झोअँथिड असलेला दगड उकळल्यामुळे किंवा गरम पाण्याने धुतल्यामुळे वाफेसोबत विष श्वासात जाऊन घरातली माणसे आजारी पडल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून कापताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, हाताला जखम असेल तर काम टाळावे, लहान मुले आणि पाळीव प्राणी दूर ठेवावेत. दगड कधीही उकळू नये. डोळ्यात थेंब उडाला तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठावा आणि झोअँथिडचा उल्लेख आवर्जून करावा.

कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी. सर्व दगडी प्रवाळ 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी 2020 मध्ये हाजी अली आणि वरळी इथल्या प्रवाळवसाहती परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या, त्या या संरक्षणामुळेच. झोअँथिडांचे नाव त्या यादीत नव्हते, पण किनाऱ्यावरचा दगड उचलला तर त्यावर संरक्षित प्रवाळही असू शकतात. ज्याला हा छंद जोपासायचा आहे त्याने किनाऱ्यावरून काहीही आणू नये. दुसऱ्याच्या टाकीत वाढलेला तुकडा घ्यावा आणि आपली वसाहत पसरली की तिच्यातला तुकडा पुढे द्यावा.