विश्लेषण : मागितली मूळ पोथी, मिळाला विधवेचा नकार... ‘झोहार’ नेमका कोणी लिहिला?

कबाला या ज्यू गूढवादातील सर्वात महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे ‘झोहार’. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कॅस्टिल राज्यात त्याचे सुटे भाग फिरू लागले. ते लोकांपर्यंत पोहोचवत होते रब्बी मोझेस दे लिओन. मजकूर आपला नसून दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योहाय यांचा आहे, आपण केवळ जुन्या पोथीवरून नक्कल करतो, असे ते सांगत. ती पोथी मात्र कोणालाच दिसली नव्हती.

मोझेस दे लिओन कोण होते?

त्यांचा जन्म १२४० च्या सुमाराचा. आधी ग्वादालाहारा, मग आव्हिला येथे वास्तव्य. १२६४ मध्ये त्यांच्यासाठी मायमोनिडीस यांच्या तत्त्वज्ञानग्रंथाची हिब्रू प्रत तयार झाली होती. म्हणजे हा गूढवादी मुळात तर्कशास्त्राचा वाचक! स्वतःच्या नावावरही त्यांनी हिब्रूत बरेच लिहिले. ‘झोहार’ मात्र अरेमाइक भाषेत आहे.

पत्नीने काय सांगितले?

१३०५ मध्ये आयझॅक नावाचे अभ्यासक पोथीच्या शोधात स्पेनला आले. मूळचे ते अक्को शहराचे. व्हायादोलिदमध्ये मोझेस भेटले. पोथी आव्हिलाच्या घरी आहे, दाखवतो, असे त्यांनी शपथेवर सांगितले. पण घरी परतताना आरेव्हालो येथे त्यांचा मृत्यू झाला. मागे पत्नी, मुलगी आणि गरिबी. आव्हिलातील एका श्रीमंत कुटुंबाने निरोप धाडला : पोथी द्या, तुमच्या मुलीला सून करून घेतो. पैशांची एवढी निकड असताना खोटे बोलण्यात तिचा फायदा नव्हता. तिने सांगितले, अशी पोथी नाहीच. ते सारे मनाने लिहीत. स्वतःचे नाव का लावत नाही, असे तिने पतीला विचारले होते. ‘माझ्या नावावर कोण पैसे मोजेल?’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले. मुलीला वेगळे विचारले. तिनेही तेच सांगितले.

आजचे संशोधन काय म्हणते?

ही हकिगत ऐकीव आहे, हे विसरता येत नाही. पण गेरशॉम शोलेम यांनी विसाव्या शतकात भाषाच तपासली. तिच्यात मध्ययुगीन हिब्रूची वळणे आणि स्पॅनिशच्या खुणा सापडल्या, पॅलेस्टाइनच्या भूगोलातही चुका निघाल्या. पुढे येहुदा लिबेस यांनी हे एकट्याचे नव्हे, एका गटाचे काम असल्याचे मांडले. श्रद्धावंतांसाठी लेखक आजही शिमोनच आहेत.

आणि आयझॅक यांचा निष्कर्ष? त्यांची नोंद नंतरच्या एका इतिहासग्रंथातील उताऱ्यातूनच उरली आहे. मोझेस यांचा एक शिष्य ग्रंथ शिमोन यांचाच असल्याची साक्ष देऊ लागतो आणि तिथेच ती तुटते.