आखाताचा व्हिसा: पैसे मोजण्याआधी प्रकार बघा
मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातून आखातात कामाला निघालेल्यांना काही एजंट सांगतात, ‘आधी व्हिजिटवर जा, तिकडे व्हिसा बदलून देतो.’ इथेच थांबावं. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा. पगार अडकला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

दहावी पास नसेल तर पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ शेरा असतो. अशांना सौदी, कतार, ओमान, कुवेत, यूएई धरून 18 देशांत नोकरीसाठी ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी लागते. सोबत 10 लाखांचा प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा. दोन वर्षांचा हप्ता फक्त 275 रुपये. एजंटचा परवानाही याच पोर्टलवर तपासता येतो. त्याची फी जास्तीत जास्त 30 हजार अधिक जीएसटी, तीही पावती घेऊनच. लाखभर मागितले तर काय ते समजावं! पगार, कामाचे तास, परतीचं तिकीट करारात लिहून घ्यावं आणि एक झेरॉक्स घरी ठेवावी.