मनोरा उंच की देखभाल चोख?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे मातीखालीच राहिली आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवावे लागले. वाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. साहजिकच यंत्रे पायथ्याशी राहिली आणि मदतीला धावलेली माणसे भर पावसात निसरड्या पायवाटेने वर चढली. बिनतारी संच असता तर दरड टळली असती, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु वर काय हवे, किती माणसे हवीत, कोणाला आधी खाली आणावयाचे, हे पायथ्याला कळवावयाचे कसे, हा प्रश्न अशा प्रत्येक रात्री उभा राहतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातील विजेचे खांब आडवे झाले आणि विजेपाठोपाठ मोबाइलचे मनोरेही मुके झाले. हा अनुभव गाठीशी असताना हौशी रेडिओ हा चार छांदिष्टांचा खेळ आहे असे मानणे परवडणारे नाही.

या छंदाची उपयुक्तता सिद्ध करण्यासाठी फार दूर जावयास नको. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद व त्यांचे सहकारी हौशी प्रक्षेपणाच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, नेहमीची दळणवळणाची साधने कोलमडली आणि छंदासाठी उभारलेले ते केंद्रच अंदमान व मुख्य भूमी यांमधील दुवा ठरले. ते केंद्र उपयोगी पडले, कारण संकट आले त्या क्षणी ते उभे होते आणि चालू होते. आमच्या मते सारे मर्म येथेच आहे.

कर्जत-खालापूरच्या संदर्भात हौशी रेडिओचा विषय निघाला की प्रथम उंच मनोऱ्याची भाषा सुरू होते. तिच्यात तथ्य आहे, पण ते सपाट प्रदेशापुरते. हातात मावणाऱ्या संचांच्या १४५ मेगाहर्ट्‌झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. नऊ मीटर उंचीवरील आकाशकाची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या अँटेनाची, मजल सपाटीवर सुमारे १२ किलोमीटर असते. ती दुप्पट करावयाची तर उंची चौपट, म्हणजे ३६ मीटर करावी लागते. एवढा खर्च करूनही येथे पदरात काय पडणार? पूर्वेला भीमाशंकर ते राजमाचीपर्यंत सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला सुमारे ८०० मीटर उंचीचे माथेरान, दक्षिणेला बोरघाट. डोंगर आडवा असताना मनोऱ्याला दहा मीटरची जोड देणे म्हणजे विहिरीत उभे राहून टाचा उंचावण्यासारखे आहे.

यावर उपाय दोन आहेत. पहिला उपाय गरिबांच्याही आवाक्यातला आहे. सात मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यासाठी सुमारे २० मीटर लांबीची तांब्याची तार मधोमध तोडून तेथे केबल जोडावयाची आणि ती तार जमिनीपासून पाच ते दहा मीटर उंचीवर आडवी बांधावयाची. इतक्या कमी उंचीवरील तारेतून लहरी मुख्यतः सरळ वर जातात, आयनांबरावरून परावर्तित होतात आणि आसपासच्या शेकडो किलोमीटरच्या टापूत उतरतात. मध्ये डोंगर असला तरी बिघडत नाही, कारण लहर त्याच्या डोक्यावरून आलेली असते. रात्री हा पट्टा साथ देत नाही तेव्हा ३.५ मेगाहर्ट्‌झसाठी ४० मीटरची तार लागते. कर्जतचा निरोप अलिबागला किंवा पुण्याला पोचविण्यास दोन बांबू आणि ही तार पुरते. मनोऱ्याचे अप्रूप येथे आपोआप गळून पडते.

दुसरा उपाय म्हणजे ऐकलेला संदेश पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र, ज्याला रिपीटर म्हणतात, ते माथेरानवर ठेवणे. निसर्गानेच तेथे ८०० मीटरचा मनोरा फुकट उभारून ठेवला आहे. त्याच्या पूर्वेच्या कड्यांवरून नेरळ-कर्जतचे खोरे दिसते, तर दक्षिण टोकावरून चौक आणि खालापूरचा प्रदेश. कोणत्या वाडीपर्यंत आवाज पोचतो हे अर्थात प्रत्यक्ष चाचणीनेच ठरेल. माथेरानवर मोटारींना बंदी आहे. बॅटऱ्या घोड्यावरून किंवा माणसांच्या खांद्यावरून न्याव्या लागतील. त्यामुळे हे केंद्र उभारणे सोपे, पण वर्षानुवर्षे जिवंत ठेवणे कठीण.

आपल्याकडे उद्‌घाटनाला माणसे मिळतात, गंज खरवडायला मिळत नाहीत, हे शल्य जुनेच आहे. या भागातील पाऊस धातूचा वैरी आहे. खांबाचे तणावे तिन्ही बाजूंना समान अंतरावर असावे लागतात. त्यांतील एक सैल झाला की वादळात सारा भार उरलेल्या दोहोंवर पडतो. केबलच्या जोडात पाणी शिरले की बाहेरून सारे ठाकठीक दिसते, पण संचाची शक्ती वाटेतच जिरते. म्हणून जोड चिकटपट्टीने नीट गुंडाळावेत, केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच निथळेल. विजांचा हंगाम पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात असतो. भूसंपर्क त्यापूर्वी तपासला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विजेच्या तारांपासून खांब इतका दूर हवा, की तो समूळ आडवा झाला तरी त्या तारांना टेकू नये. हा नियम मोडणाऱ्याला दुसरी संधी मिळतेच असे नाही.

या कामाला मोठ्या निधीची नव्हे, नेमून दिलेल्या माणसांची गरज आहे. दोन्ही तालुक्यांची तहसील कार्यालये आणि महाविद्यालये यांत परवानाधारक हौशी केंद्रे असावीत. दूरसंचार खात्याची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते. म्हणजे शाळेतील मुलामुलींनाही हे दार उघडे आहे. दर मे महिन्यात तणावे, जोड, भूसंपर्क व बॅटरी यांची तपासणी व्हावी आणि तिची नोंद तहसीलदारांनी पाहावी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा वीज बंद करून निरोपांची देवघेव करून पाहावी. दरडीच्या छायेतील वाड्यांमधील तरुणांना यात प्रथम सामील करून घ्यावे, कारण रस्ता तुटल्यावर तेथे तेच असणार आहेत.

गच्चीवर एक तार बांधू द्यावयास कुरकुरणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनीही या दृष्टीने विचार करावा. ती तार दिसावयास चांगली नसेल. पण ज्या रात्री फोन मुका होतो, त्या रात्री शोभेचा प्रश्न कोणी विचारीत नाही. इरशाळवाडीनंतर पुढची दरड कोठे कोसळेल हे सांगता येत नाही. त्या रात्री आपली तार शाबूत असेल की नाही, हे मात्र मे महिन्यातच ठरलेले असते.