वॉटचा आकडा आणि दाराचा पत्रा

जुन्या स्पोर्ट्स कारमधला आवाज सुधारायचा ठरलं की चर्चा सुरू होते ती स्पीकरच्या खोक्यावर ठळक छापलेल्या आकड्यापासून. नाना पेठेत सुट्या भागांच्या शोधात फिरणाऱ्या गाडीवेड्यांपासून नवीन शोरूमपर्यंत सगळीकडे समज एकच आहे : वॉट जास्त आणि घेर मोठा, म्हणजे आवाज भारी. पुण्यात हौसेने सांभाळलेली स्टँडर्ड हेराल्ड असो, गोव्यात बनलेली दोन आसनी सॅन स्टॉर्म असो किंवा फियाटची पॅलिओ १.६ असो, या समजापायी तिच्यात महागडे स्पीकर बसतात, आवाज कर्कश येतो आणि दोष शेवटी गाडीच्या वयावर जातो. वस्तुस्थिती वेगळी आहे. जुन्या गाडीत आवाजाचा दर्जा मुख्यतः स्पीकरच्या मागे काय आहे यावर ठरतो : दाराचा पत्रा, त्यातली भोकं, वायरिंग आणि गाडीची वीज. स्पीकर ही या कामातली शेवटाकडची खरेदी असायला हवी, आपण मात्र ती सगळ्यात आधी करतो.

आधी वॉटचा आकडा पाहू. स्टिरिओवर लिहिलेलं असतं '५० वॉट गुणिले ४'. गाडी चालू असताना विजेचा दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो आणि गाडीचा नेहमीचा स्पीकर ४ ओहमचा असतो. १४.४ चा वर्ग करून त्याला ४ ने भागलं की उत्तर येतं सुमारे ५२. खोक्यावरचे ५० वॉट इथून येतात. पण हा हिशेब तेव्हाच लागू पडतो, जेव्हा आवाजाची लहर पूर्ण चिरडून चौकोनी झालेली असते, म्हणजे जेव्हा ऐकण्यासारखं काही उरलेलं नसतं. स्वच्छ लहरीसाठी याच दाबातून फार तर २६ वॉट निघू शकतात आणि आतल्या सर्किटमधली गळती वजा केली की हाती १८ ते २० वॉट उरतात. मग त्या स्टिरिओला ३५० वॉटचा स्पीकर जोडून काय मिळतं? तो आकडा स्पीकर जास्तीत जास्त किती सोसू शकतो ते सांगतो, किती आवाज देतो ते सांगत नाही. आवाज किती मिळेल हे सांगणारा आकडा खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असतो, संवेदनशीलतेचा. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल, असं त्याचं माप. वीज दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून ९२ डेसिबलचा स्पीकर १८ वॉटवर जेवढा आवाज देतो, तेवढा आवाज ८६ डेसिबलच्या स्पीकरकडून काढायला ७२ वॉट लागतात. ज्या गाडीत वेगळा अँप्लिफायर बसवायचा नाही, तिच्यासाठी हा एकच आकडा बघितला तरी निम्मं काम झालं.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे दाराकडे. स्पीकरचा कागद पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन लहरी एकमेकींच्या बरोबर उलट असतात. मधे अडसर नसेल तर त्या कडेवरून वळून एकमेकींना भेटतात आणि रद्द करतात. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, त्यामुळे हे रद्द होणं खालच्या सुरांत सर्वांत जास्त घडतं. ढोलकीची घुमक, बास गिटार, पखवाज हे सगळं त्यात जातं आणि वरचा चरचरीत भाग तेवढा शिल्लक राहतो. जुन्या गाडीच्या दाराचं पॅड काढून पाहा. आतल्या पत्र्याला हात घालायला ठेवलेली मोठमोठी भोकं, त्यांवर कधीकाळी चिकटवलेला आणि आता फाटलेला प्लास्टिकचा कागद, आणि सैल झालेल्या क्लिपा. अशा दारात कितीही किमतीचा स्पीकर बसवला तरी त्याची मागची लहर त्या भोकांतून सरळ आत शिरणारच. भोकं पत्र्याने किंवा कडक शीटने बंद करणं, बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराची डॅम्पिंग शीट चिकटवणं आणि स्पीकरच्या कडेभोवती फोमची पट्टी लावून पॅडशी असलेली फट मिटवणं, या तीन गोष्टींनी जुन्याच स्पीकरचा बासही उठून येतो. यावर नेहमीचा आक्षेप असा की पुण्याच्या पावसात दार असं बंद केलं तर आतून गंजेल. आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख चुकतो. काचेच्या रबरातून दारात पाणी उतरतंच, ते बाहेर पडायला दाराच्या तळाशी छिद्रं दिलेली असतात. गंज चढतो तो शीट लावणाऱ्याने ही छिद्रं बुजवल्यामुळे. ती उघडी ठेवली आणि आतला फाटलेला कागद बदलला, तर दाराचं पॅड आधीपेक्षा कोरडं राहतं. स्पीकरखाली लावायची रिंग मात्र एमडीएफची नको. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि स्क्रू सुटतात. प्लास्टिकची किंवा मरीन प्लायची रिंग टिकते.

सॅन स्टॉर्मसारख्या फायबरग्लासच्या गाडीत एक वेगळाच गैरसमज नडतो : अर्थिंगची वायर कुठेही स्क्रूने दाबली की झालं. पत्र्याच्या गाडीत सहसा सगळं अंगच बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेलं असतं, म्हणून ते चालतं. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. तिथे परतीची वायर खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत किंवा थेट बॅटरीपर्यंत न्यावीच लागते. शिवाय पत्रा इंजिनाच्या ठिणगीचा विद्युत गोंगाट काही अंशी अडवतो, फायबरग्लास तो अडवत नाही. एक्सलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली, तर स्पीकर बदलून ती जाणार नाही. तिचं मूळ अर्थिंगमध्ये किंवा सिग्नलची वायर इंजिनाच्या वायरीला खेटून नेण्यात सापडतं. जुन्या गाड्यांत आणखी एक धोका असतो. काहींत दोन्ही स्पीकरांची ऋण वायर एकच करून अंगाला जोडलेली असते. आजच्या स्टिरिओला ते अजिबात चालत नाही, त्याचं आउटपुट जळतं. अशा वेळी प्रत्येक स्पीकरला नवीन दोन वायरी ओढणं हाच उपाय. त्यातली एक जरी उलटी जोडली गेली तर डाव्या-उजव्या दारांचा बास एकमेकांना मारतो. तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो : सेलचं धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लावल्यावर कागद बाहेर सरकला पाहिजे.

घेराबद्दल बोलायचं तर साडेसहा इंची स्पीकर सव्वापाच इंचीपेक्षा खालचे सूर चांगले देतो, यात वाद नाही. पण बुटक्या गाडीचं दार पातळ असतं आणि काच खाली आली की चुंबकाला आदळते. खोली न मोजता पत्रा कापला तर तो परत येत नाही. जुन्या गाडीची किंमत तिच्या मूळपणात असते, म्हणून मूळ भोकातच बसणारा स्पीकर आणि स्क्रूने लागणारी रिंग हाच शहाणा मार्ग. काढलेले मूळ स्पीकर आणि पॅड जपून ठेवावेत. याला उत्तर म्हणून 'गाडी वापरायला घेतलीय, संग्रहालयात ठेवायला नाही' असं म्हटलं जातं. ते मान्यच आहे. पण न कापताही चांगला आवाज मिळत असताना कापण्याचं कारण उरत नाही.

मोठा अँप्लिफायर लावला की सगळं सुटेल, असं मानणाऱ्यांनी आधी गाडीची वीज मोजावी. हेराल्डसारख्या गाडीत डायनॅमो असतो. त्याची कमाल मजल २२ अँपिअरच्या आसपास आणि सिग्नलला उभं असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. तेवढ्यात हेडलाइट, वायपर आणि इग्निशनही भागवायचं असतं. ५०० वॉट खरोखर देणारा अँप्लिफायर पूर्ण जोरात त्याच्या दुपटीहून जास्त ओढू शकतो. हेराल्डच्या पिढीतल्या काही ब्रिटिश गाड्यांत तर धन टोक अंगाला जोडलेलं असतं, तिथे आजचा स्टिरिओ जोडणं म्हणजे तो जाळणं. वायर घेताना शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर त्याच जाडीत तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश वीज वाहते. आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो अँप्लिफायरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी पडते आणि चाळीस वर्षं जुन्या रबरी नळ्यांजवळून जाणारी उघडी वायर आगीला आमंत्रण देते.

एक शेवटचा आक्षेप राहतो : टपाचं कापड मागे टाकून द्रुतगती मार्गावर जायचं असेल, तर वाऱ्यात हे सगळं ऐकू तरी येणार आहे का? बऱ्याच अंशी नाही. वारा आणि टायरचा आवाज खालच्या सुरांना आधी गिळतो, म्हणून छप्पर उघडून चालवणाऱ्याने बासच्या मागे लागू नये आणि जास्त संवेदनशीलतेच्या स्पीकरवर भर द्यावा. पण शहरात, प्रभात रोडच्या संथ संध्याकाळी, टप लावून गाडी चालवताना तीच छोटी जागा खालच्या सुरांना आपोआप बळ देते, आणि तिथे दारावर केलेला खर्च पुरेपूर वसूल होतो.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी दार, मग वायर आणि अर्थिंग, मग स्पीकर आणि गरज उरलीच तर अँप्लिफायर. काम झाल्यावर बिल जपा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. कारखान्यातून न आलेली विद्युत उपकरणं पॉलिसीत आपोआप धरली जात नाहीत. त्यासाठी आयएमटी २४ हे कलम वेगळं जोडून घ्यावं लागतं.